आत्याची बाटली आणि लॉन्ड्रीतला फ्रीज

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा अर्धं लिहून पुसून टाकलं. बाबा म्हणाले घरातलं बाहेर कशाला, आई म्हणाली आधी परीक्षा दे मग काय ते लिही. पण काल आत्याने मला विचारलं, "आपण कोण?" आणि ते "आपण" ऐकून मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. माझ्या आत्याने जन्मात कुणाला "आपण" म्हटलेलं नाही. ती ज्या लॉन्ड्रीत काम करायची तिथल्या मालकालासुद्धा ती "अहो, कान आहेत ना जागेवर?" असं विचारायची. म्हणून आता लिहितेच आहे. भराभर लिहिते, मागे वळून वाचत नाही, वाचलं की परत पुसेन.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायची, "दिवसभर दुसऱ्यांचे शर्ट इस्त्री करते, घरी येऊन आणखी एकाचा कुठे करत बसू?" आमच्या घरापासून बसने जावं लागायचं अशा एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर तिची खोली होती. एक खिडकी, एक पलंग, भिंतीला टेकवून ठेवलेलं घडीचं टेबल आणि एक शेगडी, जिच्यावर चहाशिवाय कधी काही झालं नाही. खोलीची किल्ली एकच. ती आत्याच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली. दुसरी करून घे, कधी लागली तर, असं बाबा म्हणायचे तर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "लागली तर मला लागेल. तुला कशाला लागेल?"

बाबा दर भेटीत म्हणायचे, "ताई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये."

ती म्हणायची, "तुझ्याकडे पाहुणी म्हणून येते तेव्हा तू मला चहा देतोस. राहायला आले की मी तुला चहा देणार. एवढं गणित येतं मला, बारक्या."

बाबा केस पांढरे झाले तरी तिच्यासाठी बारक्याच. आई हसायची, बाबा चिडायचे, आणि आत्या चप्पल घालून निघायची. तिला तिची खोली हवी होती आणि तिचं काम हवं होतं. बाकी कशासाठी तिने कधी कुणाकडे तोंड उघडलं नाही. तिचं काय पणाला लागलं होतं असं विचाराल तर एवढंच. एक खोली आणि इस्त्रीचं एक टेबल.

ते टेबल मी पाहिलंय. मोठी लॉन्ड्री होती, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट आणि लोकांचे शर्ट. आत शिरलं की चष्म्यावर धुकं यायचं. एका बाजूला धुण्याचे मोठे ड्रम, मध्ये चादरींचा रोलर, आणि शेवटी भिंतीशी शर्टांची टेबलं. भिंतीतून वाफेचा जाड पाइप जायचा, त्याच्याच जवळचं टेबल आत्याचं. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, मग बाह्या, शेवटी पुढचे दोन भाग आणि पाठ. हा क्रम कुणी मोडला तर ती शर्ट उचलून परत पाण्यात टाकायची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पट्टे होते, काही जुने पांढरे, काही नवे लाल. नवीन कुणी कामाला लागलं की त्याची कॉलर वर धरून सगळ्यांना दाखवायची, "ही कॉलर आहे का कुत्र्याचा कान?"

तिच्या समोर बसायची बटणवाली. ती बाई शर्टांची तुटलेली बटणं लावायची, मांडीवर बटणांचा डबा, तोंडात दोरा. वयाने आत्याएवढीच. दोघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडायच्या. आत्या म्हणायची, "तुझी जीभ त्या सुईत ओव, जरा बारीक होईल." बटणवाली म्हणायची, "तुझ्या जिभेवर ते गरम पाणी मार, चुण्या पडल्यात." आणि जेवायला बसल्या की एकाच डब्यातून. एक कामावर आली नाही तर दुसरीचं लक्ष दिवसभर दाराकडे. हे मला ड्रमवाल्या काकांनी सांगितलं, त्या दोघींनी मान्य केलं नसतं.

तर आत्याला साखर होती, म्हणजे डायबेटीस. खूप वर्षं. आधी गोळ्या होत्या, मग इंजेक्शन आलं, इन्शुलिन, सकाळी खाण्याआधी आणि संध्याकाळी खाण्याआधी. ती पहाटे घरून निघायची आणि खाणंपिणं सगळं लॉन्ड्रीतच करायची, संध्याकाळचंही तिथेच बटणवालीबरोबर खाऊन मग घरी. त्यामुळे इन्शुलिनची बाटली आणि सिरिंज लॉन्ड्रीतच असायची. कुठे? तिच्या टेबलामागच्या भिंतीतल्या लोखंडी कपाटात, खळीच्या पाकिटांशेजारी. खळ म्हणजे कपडे कडक करायला लावतात ती. कपाट पाइपला लागूनच. त्याचं दार उघडलं की हात भाजायचा.

आता थोडं शरीराचं सांगते, कंटाळू नका, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मलाही कळलेलं नव्हतं. म्हणजे पुस्तकात वाचलं होतं, मार्कही मिळवले होते.

आपण खातो त्याची साखर होऊन रक्तात येते. तिथे ती फार चढून चालत नाही आणि फार उतरूनही चालत नाही. पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव असतो, तो सारखा रक्त चाखत बसलेला असतो. साखर चढली की तो इन्शुलिन सोडतो. इन्शुलिन स्नायूंना सांगतं, घ्या आत. यकृताला सांगतं, ठेव साठवून. साखर उतरायला लागली की हाच अवयव इन्शुलिन बंद करतो आणि उलटा निरोप पाठवतो, आणि यकृत साठवलेली साखर परत रक्तात सोडतं. म्हणून आपण रात्रभर उपाशी झोपतो तरी सकाळी उठतो. आणि एवढं होऊनही साखर खालीच जात राहिली तर शरीर आरडाओरडा करतं. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, कडकडून भूक लागते. खा, काहीतरी खा. कारण मेंदूकडे स्वतःचा साठा असा नसतोच. त्याला साखर सतत रक्तातून लागते, एखाद्या तान्ह्या बाळासारखं, जे थांबू शकत नाही.

लॉन्ड्रीत बॉयलर आहे, त्याला झडप आहे. दाब वाढला की आपोआप उघडते, उतरला की आपोआप मिटते. कुणी तिथे उभं राहावं लागत नाही. आपल्या शरीरात तशी झडप आहे. आत्याची बिघडली होती, म्हणून ती हाताने चालवत होती, रोज, सिरिंजने. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की शरीराचं स्वतःचं इन्शुलिन गरज संपली की थांबतं, पण टोचलेलं इन्शुलिन परत बोलावता येत नाही. गेलं की गेलं. ते त्याचं काम करतच राहणार, साखर उरो की न उरो.

आत्याची साखर कधी धड नसायची. एका तपासणीत बरी, पुढच्यात आभाळाला भिडलेली. पायाला एक जखम झाली, ती भरता भरेना. तपासणारे डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर उभं राहून करायचं काम सोडावं लागेल." ते ऐकून आत्या घाबरली. घाबरली असं ती म्हणाली नाही, पण त्या दिवशी आमच्याकडे आली आणि एकाही माणसाला काही लावून बोलली नाही, चहा निमूट प्यायली. बाबांनी लगेच संधी साधली, "बघ ताई, आता तरी ये." ती उठली आणि म्हणाली, "साखर मी आणते खाली. तू तुझी खोली रिकामी करू नकोस माझ्यासाठी."

काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की आमच्या घरी यावं लागणार. तिला ते नको होतं. आमच्यावर प्रेम नव्हतं म्हणून असं नाही. होतं. पण तिला स्वतःच्या किल्लीने दार उघडायचं होतं, बस.

मग तिने साखर खाली आणायची तिची स्वतःची पद्धत बसवली. आणि ही पद्धत फक्त लॉन्ड्रीतलंच माणूस बसवू शकतं.

तिच्या लक्षात आलं होतं की नवी बाटली उघडली की पहिले काही दिवस औषध जोरात चालतं. चक्कर येते, हातपाय गळतात. मग बाटली जुनी होत जाते तसं औषध चालेनासं होतं, तहान लागते, सारखं बाथरूमला जावं लागतं, तोंड कोरडं पडतं. तिने बटणवालीला समजावलं, "हे खळीसारखंच आहे गं. ताजी खळ कडक. राहिली की मवाळ. मग आपण काय करतो, जास्त घालतो. तसंच." म्हणून नवी बाटली आणली की ती कमी टोचायची, आणि जसजशी बाटली जुनी होईल तसतशी वाढवत न्यायची. शेवटी शेवटी तर सुरुवातीपेक्षा कितीतरी जास्त. कुणाला विचारलं नाही. बोटाला टोचून साखर बघायचं मशीन होतं तिच्याकडे, पण इस्त्रीने तिच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की रक्तच यायचं नाही नीट, म्हणून ते मशीन पडून असायचं. ती तहानेवरून ओळखायची.

आणि चालत होतं हे, सांगते तुम्हाला. पायाची जखम भरली. तपासणीत आकडा बरा आला. डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू ठेवा. ती आमच्याकडे येऊन बाबांना म्हणाली, "काय बारक्या, खोली दे आता भाड्याने."

तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. बाटली खरंच मवाळ होत होती. पण जुनी होते म्हणून नाही. त्या गरम कपाटात, वाफेच्या पाइपला चिकटून, इन्शुलिन रोज थोडं थोडं मरत होतं. तिला ते कसं कळणार. कपाटात खळ टिकते, साबण टिकतो, बटणं टिकतात. औषध का नाही टिकणार?

मग उन्हाळ्यात लॉन्ड्रीतल्या लोकांनी मालकांच्या मागे लागून एक फ्रीज आणवला, छोटा, जुना, पिण्याचं पाणी गार करायला. सगळ्यांना आनंद. आत्या म्हणाली, "मालकांना पाझर फुटला, आता पाऊस पडणार." त्याच सुमारास तिने नवी बाटली आणली होती. बटणवालीने खोका हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, तिला बारीक दिसतं, सुईत दोरा ओवते ना. त्यावर लिहिलं होतं थंड जागी ठेवा. तिने बाटली फ्रीजच्या दारात ठेवून दिली. आत्या करवादली, "गार औषध झोंबतं मला." बटणवाली म्हणाली, "झोंबू दे. तू आम्हाला रोज झोंबतेस."

एवढंच झालं. एका मैत्रिणीने खोक्यावरचं वाचलं आणि बाटली योग्य जागी ठेवली.

पण आता बाटली मवाळ होत नव्हती. पहिल्या दिवशी जेवढी कडक तेवढीच नंतरही. आणि आत्या सवयीप्रमाणे वाढवत गेली. मधल्या दिवसांत तिला गळून गेल्यासारखं व्हायचं, घाम यायचा, तर ती म्हणायची, "साखर चढली वाटतं, बाटली जुनी व्हायला लागली." साखर चढली तरी माणूस गळतं आणि उतरली तरी गळतं, तिने चढली असं धरलं. बिस्किटं खाल्ली की बरं वाटायचं, पण बिस्किटांचं आणि त्याचं नातं तिने जोडलं नाही. आणि असं सारखं सारखं उतरत राहिलं ना, तर शरीर आरडाओरडा करायचंही कमी करतं. घाम, थरथर, सगळं उशिरा येतं किंवा येतच नाही. हे मला नंतर कळलं. सगळं नंतरच कळलं.

त्या दिवशीचं बटणवालीने मला सांगितलं ते असं. सकाळी कुठल्यातरी हॉटेलची भली मोठी ऑर्डर आली, चादरी आणि वेटरांचे शर्ट. आत्याने आदल्या दिवसापासून औषध आणखी वाढवलं होतं. सकाळी टोचून घेतलं, डबा उघडला, ब्रेड आणि उकडलेलं अंडं, तेवढ्यात शर्टांची ट्रॉली आली. "हा ढीग संपवते मग खाते," म्हणाली. डबा तसाच मिटून ठेवला. टोचलेलं आत गेलेलं होतं, खायचं बाहेर राहिलं.

घाम निथळत होता तिच्या अंगावरून. पण तिथे सगळ्यांच्याच अंगावरून निथळतो. त्या वाफेत घाम न येणारं माणूस दिसलं तर लोक काळजी करतील. मग ती एकच शर्ट परत परत इस्त्री करायला लागली. कॉलर, खांदा, कफ, परत कॉलर. बटणवाली म्हणाली, "अगं, त्या शर्टात कुणी माणूस शोधतेस का काय?"

आत्या म्हणाली, "बस आली का?"

सगळे हसले. आत्याचा विनोद म्हणून हसले. ती नेहमीच काहीतरी टाकायची असं. मग तिने पाण्याची फवाऱ्याची बाटली उचलून फेकली आणि काहीतरी पुटपुटली, शिवीसारखं पण नीट न कळणारं. बटणवालीने सगळ्यांना खूण केली, आज नाकावर राग आहे, कुणी बोलू नका. थोड्या वेळाने आत्या भिंतीशी चादरींचा ढीग होता त्यावर जाऊन बसली आणि आडवी झाली.

ती कधी अशी आडवी होत नसे. पण पहाटेपासून उभी होती, वय झालेलं, उकाडा. ड्रमवाले काका म्हणाले, "उठवू का?" बटणवाली म्हणाली, "झोपू दे. कधी नाही ते टेकलीय." तिने एका चादरीची घडी करून आत्याच्या डोक्याखाली सारली. मालक येऊन विचारायला लागले, ही का झोपलीय, तर तिने मालकांना गप्प केलं. आत्याचे राहिलेले शर्ट स्वतः इस्त्री करायला घेतले, बटणं सोडून. तिला कॉलर नीट जमत नव्हती, म्हणत होती, उठली की मला फाडून खाणार. दुपारचं जेवणही झालं सगळ्यांचं, आत्याचा डबा कुणी हलवला नाही, उठली की खाईल.

सगळ्यांनी मिळून, इतक्या मायेने, तिला झोपू दिलं.

ऑर्डर गेल्यावर बटणवाली चहा घेऊन उठवायला गेली. डोक्याखालची चादर ओलीचिंब होती. दातखीळ बसली होती. आत्या उठली नाही.

दवाखान्यात बोटाला टोचलं तर मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं "लो" दाखवलं. नळीतून साखर दिली, आकडा थोड्याच वेळात वर आला, अगदी नीट, एखाद्या निरोगी माणसाचा असावा तसा. बाबा खूश झाले, मला म्हणाले, बघ, आली जाग्यावर. आकडा आला होता. आत्या नव्हती आली.

डॉक्टर बाई थकलेल्या होत्या. बाहेर बाकावर येऊन त्यांनी विचारलं, रोज किती घ्यायच्या या? बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. बटणवालीला माहीत होतं. तिने सगळं सांगितलं, खळीसारखं, नवी कडक आणि जुनी मवाळ, कपाट, पाइप, मग फ्रीज. ऐकून झाल्यावर डॉक्टर बाई म्हणाल्या, "बाटली फ्रीजमध्ये ठेवलीत ते बरोबरच केलंत. कपाटात ते औषध मरत होतं. पण फ्रीजमध्ये ठेवल्यावर डोस वाढवायला नको होता, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही. कारण त्या वाढवतात हेच कुठल्या डॉक्टरला माहीत नव्हतं."

त्या आत गेल्या. बाबा बटणवालीकडे वळले. माझे बाबा वाईट नाहीत, पण त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "तुला कुणी सांगितलं होतं तिच्या औषधाला हात लावायला?"

ती म्हणाली, "खोक्यावर लिहिलं होतं."

"खोक्यावरचं वाचलंस आणि माणूस समोर पडलं होतं ते दिसलं नाही?"

ती उठली. तिच्या झग्यावर पुढे टाचलेल्या सुया होत्या, कामावरून तशीच आली होती. एकेक सुई हाताने चाचपून बघितली, का कुणास ठाऊक, आणि जिन्याने निघून गेली. त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही.

आत्याने डोळे उघडले ते बऱ्याच दिवसांनी. मला वाटलं आता पहिला शब्द शिवी असणार. ती छताकडे बघत राहिली. हळूहळू बोलायला लागली, चालायला लागली, हाताने खायला लागली. पण मेंदूला इतका वेळ साखर मिळाली नाही की त्यातलं काही गेलं ते गेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, थोडं सुधारेल, किती ते सांगता येत नाही. आत्ताचं काही तिच्या लक्षात राहत नाही. जेवली की थोड्या वेळाने विचारते, जेवण कधी? जुनं कधी आठवतं, कधी नाही. आणि ती आता आमच्याकडे राहते. जिथे तिला यायचं नव्हतं तिथेच. बाबांनी तिची खोली सोडली, किल्ली घरमालकाला दिली. किल्ली तिच्या गळ्यातून काढताना मी समोर होते. तिने मान पुढे केली, काढायला सोपं जावं म्हणून.

आई आता तिला इंजेक्शन देते, ठरलेला डोस, ठरलेल्या वेळी, बोटाला टोचून आकडा बघून, आणि समोर बसून खायला लावून. आत्याची साखर इतकी नीट आयुष्यात कधी नव्हती. हे किती वाईट वाक्य आहे.

तिला कशाचाच राग येत नाही. हे मला सहन होत नाही. आई विचारते, "ताई, भात वाढू?" ती म्हणते, "हो, छान." बाबा विचारतात, "ताई, गरम होतंय का?" ती म्हणते, "छान आहे." एकदा मी मुद्दाम बाबांचा शर्ट वाकडातिकडा इस्त्री केला, कॉलर पार दुमडून टाकली, आणि तिच्या तोंडासमोर धरला. म्हटलं आता तरी बोलेल काहीतरी. तिने कॉलरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान केलंय." मी तो शर्ट घेऊन आत गेले.

मग मी लॉन्ड्रीत गेले. बाबांना सांगितलं नाही. आत्याच्या टेबलावर दुसरी कुणीतरी उभी होती. ते लोखंडी कपाट रिकामं करून त्यावर कुलूप घातलं होतं. बटणवाली जागेवर होती, डबा मांडीवर. मी म्हटलं, "मावशी, घरी ये ना. एकदा तरी ये."

ती मान वर न करता म्हणाली, "कुठल्या तोंडाने येऊ? तिने ओळखलं तर काय सांगू?"

"नाही ओळखणार बहुतेक."

"मग तर आणखी वाईट."

मी तिथेच खाली बसले, चादरींच्या गठ्ठ्याजवळ, आणि तिला सगळं सांगितलं. स्वादुपिंड, यकृत, सगळं, बॉयलरच्या झडपेसकट, धांदरटासारखं. म्हटलं, बाटली कपाटात राहिली असती तर आत्याची साखर वरखाली होतच राहिली असती, पाय गेला असता, डोळे गेले असते. तू बरोबर केलंस. तिने दोरा दाताने तोडला. म्हणाली, "ते औषधाचं झालं. झोपू दिलं त्याचं काय?"



पण ती आली. सुट्टीच्या दिवशी सकाळी, चांगले कपडे घालून, केस बसवून, जणू कुणाच्या घरी पहिल्यांदाच चाललीय. दार बाबांनी उघडलं. दोघं नुसते उभे. मग बाबा बाजूला झाले आणि म्हणाले, "ये."

आत्या खिडकीशी खुर्चीत होती. बटणवाली तिच्यासमोर स्टुलावर बसली. मग बटणवाली म्हणाली, "अगं, मी. ओळखलंस का?"

आत्या हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं.

"मी ती बाटली फ्रीजमध्ये ठेवली होती," बटणवाली म्हणाली. "आणि तुला उठवलं नाही. वाटलं, दमलीयस."

आत्याने तिचा हात हातात घेतला. म्हणाली, "बरं केलंत."

मला माहीत आहे की ती आता सगळ्यालाच बरं केलंत म्हणते. बटणवालीला ते माहीत नव्हतं. तिने आत्याचा हात सोडला नाही, आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी तिला ते सांगितलं नाही. बाबा दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते आत आले, बटणवालीच्या मागे उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू बाटली बरोबर जागी ठेवली होतीस. त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या तेव्हाच मी ऐकलं होतं ते. तेव्हाच ऐकलं होतं."

ती म्हणाली, "बरं."

चहा घेतला नाही तिने. जाताना म्हणाली पुढच्या सुट्टीला येईन. आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तिला दोष देत नाही. आत्याने तिच्याबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी मला आत्याचा राग येतो आणि मग स्वतःचा.

आता एकच मागणं. तुमच्या ओळखीत कुणी असेल, एकटं राहणारं, स्वतःचं स्वतः टोचून घेणारं, विचारलं की "मी बघते माझं" म्हणणारं, तर त्यांच्याकडे जा. फोन करू नका, फोनवर सगळे ठीकच असतात. जाऊन बसा. बाटली कुठे ठेवता ते विचारा, किती घेता आणि ते किती कुणी ठरवलं ते विचारा, त्यांचा डबा उघडा आणि ते खाईपर्यंत उठू नका. हाकलून देतील कदाचित. तरी जा, आणि याच आठवड्यात जा.